दुग्धप्रथिनांची शोथघ्नता : वातरक्त, आमवात आणि दुकानातील डबा

चोपडा, अमळनेर, शिरपूर या भागातील औषधी दुकानांत आता आसव-अरिष्टांच्या बाटल्यांशेजारी व्हे प्रोटीनचे मोठे डबे मांडलेले दिसतात. प्रारंभी हे डबे व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांपुरते होते. अलीकडे मात्र गुडघे सुजलेले, बोटे आखडलेले प्रौढ रुग्णही ‘दुधातले प्रोटीन सूज उतरवते म्हणतात, चालू करू का?’ असे विचारू लागले आहेत. हा प्रश्न वैद्यांपेक्षा दुकानदार बंधूंनाच अधिक वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा डब्यावरील मजकूर वाचून दिले जाते.

दूध हे एक द्रव्य नव्हे आणि शोथ हाही एक व्याधी नव्हे. म्हणून या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर नाही. आपल्या ग्रंथांनी वातरक्तात दूध आवर्जून दिले आणि आमवातात ते वर्ज्य केले. दोन्ही व्याधींत सांधे सुजतात, दोन्हींत रुग्ण कण्हतो; तरीही आहाराचा आदेश परस्परविरोधी आहे. दुग्धप्रथिनांविषयी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे संशोधन झाले, ते या भेदाच्या प्रकाशात वाचल्यास वैद्याला अधिक उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शोथ म्हणजे कोणता शोथ?

‘इन्फ्लमेशन’ या शब्दासाठी आपण ‘शोथ’ हा प्रतिशब्द सर्रास वापरतो आणि येथेच पहिला घोटाळा होतो. चरकाच्या श्वयथुचिकित्सेत ज्या शोथाचा विचार मुख्यतः आहे, त्यात सर्वांगाला येणारी, बोटाने दाबल्यास खड्डा पडणारी सूजही समाविष्ट आहे. उष्णता, आरक्तता, वेदना व पाकाकडे जाणारी सूज हा सुश्रुताच्या व्रणशोथाचा विषय. आधुनिक ‘इन्फ्लमेशन’ ही संकल्पना व्रणशोथाच्या अधिक जवळची आहे. श्वयथुचिकित्सेत दुग्धप्रयोग आहेत, उष्ट्रीदुग्धावर काही दिवस राहण्याचाही निर्देश आहे; पण तेवढ्यावरून ‘दूध शोथघ्न आहे, म्हणून व्हे प्रोटीन सांधेदुखीवर चालेल’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका शब्दावरून दोन वेगळ्या व्याधींवर उडी मारणे होय.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर कुपोषित बालकाच्या पायांवर येणारी सूज आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती दुधाने उतरते, हे खरे. परंतु तेथे दुधाने पोषणाची उणीव भरून निघते, व्रणशोथावर काही कार्य होत नाही. तेथेही क्रम पाळावा लागतो. तीव्र कुपोषित बालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी दुग्धाधारित सूत्रे ठरवली आहेत, त्यांत प्रथम एफ-७५ देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये प्रथिने जेमतेम ०.९ ग्रॅम असतात. बालक सावरल्यावरच सुमारे २.९ ग्रॅम प्रथिने असलेले एफ-१०० सुरू होते. सुजलेल्या बालकाला पहिल्याच दिवशी भरपूर प्रथिने देणे त्याच्या जिवावर बेतू शकते. अग्नी मंद असता पेयादि क्रमाने चढत जाण्याची शिस्त ज्याने आत्मसात केली आहे, त्या वैद्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

दुधात प्रथिने कोणती आणि आचेवर त्यांचे काय होते?

गाईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ३.२ ते ३.५ ग्रॅम प्रथिने असतात. म्हशीच्या दुधात याहून अधिक, चार ग्रॅमच्या आसपास. त्यांपैकी सुमारे ८० टक्के केसीन व २० टक्के व्हे गटातील. केसीन म्हणजे दूध विरजल्यावर किंवा नासल्यावर जो घट्ट भाग होतो, त्यातील मुख्य प्रथिन. व्हे गटात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन व अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन ही प्रमुख असून इम्युनोग्लोब्युलिन व लॅक्टोफेरिन अल्प प्रमाणात असतात.

शोथघ्नतेची सर्वाधिक चर्चा लॅक्टोफेरिनची होते. हे लोहाला बांधून ठेवणारे प्रथिन आहे. मातेच्या चिकामध्ये ते विपुल, नंतरच्या मातृदुग्धात प्रतिलिटर एक-दोन ग्रॅम, तर गाईच्या दुधात त्याहून पुष्कळच कमी असते. जंतूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे विष रक्तातील भक्षक पेशींना चेतवते आणि त्या पेशी टी.एन.एफ.-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी शोथकारक द्रव्ये स्रवू लागतात. लॅक्टोफेरिन या एंडोटॉक्सिनला मध्येच धरून ठेवते, त्यामुळे पेशींना चेतना कमी मिळते. प्रयोगशाळेत हे वारंवार सिद्ध झाले आहे. रुग्णावर मात्र चित्र इतके सरळ नाही. ब्रिटनमध्ये २,२०३ अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लॅक्टोफेरिन देऊनही उशिरा होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण घटले नाही. ते घेणाऱ्या गटात २९ टक्के, न घेणाऱ्यांत ३१ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. परीक्षानळीतील कार्य आणि शरीरातील कार्य यांत जठर, अग्नी व मात्रा उभे असतात.

आता वैद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आचेचा. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर केवळ पंधरा सेकंद तापते. त्यात लॅक्टोफेरिन बव्हंशी टिकून राहते. आपल्या घरी दूध उकळी येऊन वर चढेपर्यंत तापते आणि क्षीरपाकात तर त्याहून कितीतरी अधिक. शार्ङ्गधराच्या परिभाषेप्रमाणे द्रव्य एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग घेऊन दूध शिल्लक राहीपर्यंत आटवायचे, म्हणजे उकळी बराच काळ चालते. इतक्या आचेवर व्हे गटातील प्रथिनांची नैसर्गिक घडण राहत नाही. लॅक्टोफेरिन व इम्युनोग्लोब्युलिन यांचे जिवंत कार्य तेथेच संपते. अर्जुन, लसूण, गुडूची किंवा पिंपळी यांचा क्षीरपाक गुण देत असेल, तर तो लॅक्टोफेरिनमुळे, असे म्हणता येणार नाही. आपल्याच काही लेखांतून असे विधान वाचनात येते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

केसीन मात्र आचेला पुष्कळ दाद देत नाही. ते क्षीरपाकात टिकते, जठरात पेप्सिनने तुटते आणि त्यातून लहान-मोठे पेप्टाइड खंड सुटतात. कप्पा-केसीनपासून सुटणारा ग्लायकोमॅक्रोपेप्टाइड हा असाच एक खंड असून त्याचा संबंध पुढे वातरक्ताशी येणार आहे. शिवाय केसीनचे सूक्ष्म कण वनस्पतींतील कषाय द्रव्यांना धरून ठेवतात. तीक्ष्ण किंवा कषाय द्रव्य दुधात शिजवल्यावर जठराला सोसते, याचे निदान अंशतः स्पष्टीकरण येथे मिळते.

याच ओघात मस्तूविषयी. दह्यावरील पाणी म्हणजेच व्हे प्रोटीन, अशी समजूत दुकानांतूनही ऐकू येते. ती चुकीची आहे. घरी दूध उकळून मग विरजण लावले जाते. उकळताना बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन केसीनला चिकटते आणि दही जमताना त्या कवडीतच अडकते. वरच्या निवळीत दुग्धशर्करा, आम्ल व क्षार राहतात, प्रथिन थोडेच उरते. पनीर करताना तापलेले दूध फोडतात, तेव्हाही हेच घडते. डब्यातील व्हे प्रोटीन प्रामुख्याने चीज उद्योगातील निवळीपासून काढले जाते. तेथे दूध उकळलेले नसते आणि रेनेट वापरलेले असते. मस्तूचे ग्रंथोक्त गुण—लघुत्व, स्रोतोशोधन, मलानुलोमन—हे त्या पातळ निवळीचे आहेत. ते गुण डब्यावर लादू नयेत आणि डब्यातील प्रथिनांचे गुणही मस्तूवर लादू नयेत.

वातरक्त : येथे दूध का?

चरकाच्या वातरक्तचिकित्सेत दूध पावलोपावली येते. दशमूलाने सिद्ध केलेले दूध वेदनाशमनासाठी, एरंडतैल दुधासह विरेचनासाठी, दुधाचे परिषेक दाह व वेदनेसाठी, तर गुडूची हे या व्याधीचे प्रमुख द्रव्य. वातरक्त म्हणजे केवळ ‘गाउट’ नव्हे. उत्तान-गंभीर भेद, दोषानुबंध यांचा विस्तार पाहता त्यात इतरही संधिविकार मोडतात. परंतु पायाच्या अंगठ्यापासून सुरू होणारा, रात्री भडकणारा, मद्यमांससेवी सुखासीन पुरुषात आढळणारा वातरक्ताचा प्रकार आणि गाउट यांतील साम्य नाकारण्याजोगे नाही.

गाउटमध्ये दुग्धप्रथिनांचा पुरावा इतर कोणत्याही संधिविकारापेक्षा अधिक भक्कम आहे. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात ७३० जणांना नव्याने गाउट झाला. मांस व मासे अधिक खाणाऱ्यांत तो अधिक होता. दुग्धजन्य पदार्थ सर्वांत अधिक घेणाऱ्या पंचमांश गटात, सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेने, धोका जवळपास ४४ टक्के कमी होता आणि हा लाभ कमी स्निग्धांशाच्या दुधाशी निगडित होता. हे निरीक्षण आहे. कार्यकारणभाव त्याने सिद्ध होत नाही. पण त्याला कार्यकारणाची जोड देणारे प्रयोगही आहेत. १९९१ मध्येच निरोगी व्यक्तींत केसीन व लॅक्टाल्ब्युमिन घेतल्यावर काही तासांतच रक्तातील यूरिक ॲसिड उतरते, असे दाखवले गेले. वृक्क ते अधिक प्रमाणात मूत्रावाटे टाकू लागतात. न्यूझीलंडमध्ये २०१० साली सोळा निरोगी पुरुषांवर झालेल्या प्रयोगात दुधाच्या प्रथिनाने यूरिक ॲसिड सुमारे १० टक्के घटले, तर तेवढ्याच सोया प्रथिनाने ते तितकेच वाढले. सोयाचे डबेही आपल्याच फळीवर असतात, हे दुकानदार बंधूंनी येथे ध्यानात घ्यावे. मात्र त्या प्रयोगातील मात्रा एका वेळी ८० ग्रॅम प्रथिनांची होती, म्हणजे गाईचे सुमारे अडीच लिटर दूध. चोपड्यातील कोणता रुग्ण एका बैठकीत एवढे दूध पिणार आहे?

दुसरा भाग स्फटिकांविषयी आहे. गाउटची तीव्र वेदना यूरिक ॲसिड वाढल्यामुळे थेट होत नाही. सांध्यात साचलेल्या मोनोसोडियम युरेटच्या स्फटिकांना पाहून पेशी चवताळतात, त्यामुळे होते. ग्लायकोमॅक्रोपेप्टाइड व दुग्धस्नेहाचा एक विशिष्ट अर्क हा भडका कमी करतात, असे प्राण्यांवर दिसून आले. त्यानंतर तेथेच वारंवार झटके येणाऱ्या १२० रुग्णांवर तीन महिन्यांची चाचणी झाली व ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटास दुग्धशर्करेची पूड, दुसऱ्यास साधी स्निग्धांशरहित दुधाची पूड, तिसऱ्यास हे दोन घटक घालून समृद्ध केलेली पूड दिली. झटके तिन्ही गटांत कमी झाले. तिसऱ्या गटात अधिक. दुग्धशर्करा घेणाऱ्यांतही झटके कमी झाले, हे वाक्य जाहिरातीत कधी छापले जाणार नाही, पण चिकित्सकाने ते विसरू नये. चाचणीत आलेला रुग्ण नियम पाळू लागतो आणि व्याधीलाही स्वतःचा चढउतार असतो.

या सर्वांवरून व्यवहारात काय निघते? वातरक्ताच्या रुग्णाने ‘प्रथिने बंद’ म्हणून दूध सोडू नये. अनेक रुग्ण यूरिक ॲसिडचा अहवाल हाती येताच डाळ, दूध सर्व काही सोडून बसतात. ग्रंथ आणि आजचा पुरावा दोन्ही त्याच्या विरुद्ध आहेत. साय काढलेले गाईचे दूध, अग्नी पाहून सिद्ध केलेले, दिवसाकाठी एक-दोन पेले हे पथ्य आहे. ते औषधाची जागा घेणार नाही. ज्याचे यूरिक ॲसिड सतत चढे आहे, सांध्याजवळ गाठी आल्या आहेत किंवा मुतखडा आहे, त्याला केवळ क्षीरपाकावर ठेवणे योग्य नव्हे.

गुडूचीविषयी एक सावधानता. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यावरून मोठा वाद झाला. द्रव्यनिश्चितीचा, विशेषतः गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या भेसळीचा मुद्दा आयुष मंत्रालयाने मांडला. वाद काही असो, वेल ओळखीची असावी आणि दीर्घकाळ द्यायची तर यकृताची तपासणी करावी, यात दोन्ही पक्षांना हरकत नसावी.

आमवात : येथे दूध का नाही?

माधवनिदानाने आमवात हा स्वतंत्र व्याधी म्हणून मांडला. मंदाग्नी व विरुद्ध आहार-विहार हे त्याचे मूळ. चिकित्सेचा आरंभ लंघन, स्वेदन, तिक्त-कटु-दीपन यांनी. उत्तरकालीन चिकित्साग्रंथांच्या पथ्यापथ्य प्रकरणांत दही, मासे, गूळ, उडीद यांच्या पंक्तीत दूधही अपथ्य म्हणून बसवले आहे. गुरु, अभिष्यंदी द्रव्य आमाला पोसते, हा त्यामागील विचार.

आधुनिक पुरावा येथे विरळ आहे, पण उद्‌बोधक आहे. संधिवाताभ (ऱ्हूमॅटॉइड) विकारात दूध सर्वांनाच बाधते असे दिसत नाही. मात्र काहींना निश्चित बाधते. १९८६ मध्ये अमेरिकेतील एका महिला रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तिला नकळत दूध दिले असता सांधे भडकत आणि दूध काढले असता शमत. त्यानंतर १९९१ मध्ये नॉर्वेतील ५३ रुग्णांवरील चाचणी आली. त्यात एका गटाला प्रथम सात ते दहा दिवस उपवास, नंतर काही महिने दूधविरहित व गव्हाविरहित शाकाहार आणि त्यानंतर क्रमाने दुधासह शाकाहार असा क्रम दिला होता. लाभ वर्षभर टिकून राहिला. उपवासाने आरंभ, दूध आधी बंद व नंतर सोसेल तसे पुन्हा, हा क्रम वाचताना आमवाताच्या लंघनाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. त्या संशोधकांना आमवात ठाऊक नव्हता आणि त्यांनी आमाची सिद्धताही केलेली नाही. साम्य आहे, एवढेच म्हणावे.

एकूण दुग्धपदार्थांविषयीचे संकलित पुरावे पाहिले तरी हाच धागा सापडतो. ५२ मानवी चाचण्यांचा आढावा घेणारा २०१७ चा प्रसिद्ध लेख दुग्धपदार्थांचा परिणाम किंचित शोथघ्न असल्याचे सांगतो. पण दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांत तो उलट, शोथकारक असल्याचेही नोंदवतो. २०१९ च्या दुसऱ्या आढाव्यात परिणाम उदासीन ते किंचित हितकर, असा निष्कर्ष आहे. व्हे प्रोटीनपुरते बोलायचे तर २०१५ च्या संकलनात सी.आर.पी. या शोथदर्शकावर एकंदर लक्षणीय परिणाम दिसला नाही. दिवसाला २० ग्रॅम वा अधिक घेणारे आणि मुळात सी.आर.पी. ३ मिलिग्रॅमहून अधिक असणारे, यांच्यातच तो उतरला. वीस ग्रॅम व्हे प्रथिने साध्या दुधातून मिळवायची तर तीन लिटरांहून अधिक दूध लागेल.

म्हणून आमवाताच्या साम अवस्थेत, जिव्हा साम, अंग जड, सकाळी तासभर बोटे न मिटणारी, अशा रुग्णाला डबा देऊ नये. निराम अवस्थेत, वात प्रबळ होऊन मांसक्षय दिसू लागला की प्रथिनांची गरज खरीच असते. त्या वेळी मुगाचे यूष, मग शुंठीसिद्ध पातळ दूध, असे चढत जावे व दर टप्प्याला सांध्यांची नोंद ठेवावी. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये झालेल्या पाहणीत ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, अस्थिसंधींची काही ना काही तक्रार होती. ऱ्हूमॅटॉइड विकार त्यांपैकी फार थोड्यांना होता. म्हणजे आपल्या दाराशी येणाऱ्या ‘सांधेदुखी’च्या मोठ्या गर्दीत आमवात व वातरक्त हे दोन्ही मिळून अल्पसंख्यच आहेत. उरलेल्यांत संधिगत वात आणि श्रमाची दुखणी अधिक असतात. निदानापूर्वी डबा विकला गेला तर कोणत्या व्याधीला काय दिले, हेच कळत नाही.

आपल्या भागापुरती एक विशेष नोंद. सातपुड्यातील पावरा, भिल्ल व अन्य आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. लहान मुलाच्या हातापायांची बोटे अकस्मात सुजून तीव्र वेदना होणे, हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. यास वातरक्त किंवा आमवात समजून क्षीरपाक वा लंघन देणे घातक ठरेल. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून रक्ततपासणीची सोय शासकीय केंद्रांत आहे. संशय येताच तेथे पाठवावे.

ग्रहणी, तक्र आणि केवळ दुग्धाहार

ग्रहणी व अर्श यांत तक्राचे महत्त्व सर्वश्रुत आहे. पर्पटीकल्पात रुग्णाला अन्न-लवण वर्ज्य करून केवळ दूध किंवा तक्रावर ठेवण्याची परंपरा जुन्या वैद्यांनी जपली. बालकांतील क्रोन या आंत्रशोथावर युरोपात आज प्रथम पसंतीचा उपाय आहे तो सहा ते आठ आठवडे केवळ द्रव पोषणाहार, आणि त्यातील पुष्कळ सूत्रे दुग्धप्रथिनांवर आधारलेली असतात. दुधातील टी.जी.एफ.-बीटा हा शोथनियामक घटक याचे कारण असावा, असे काही काळ मानले गेले. परंतु प्रथिने पूर्ण तोडून केवळ अमिनो आम्ले दिलेल्या सूत्रांनीही जवळपास तितकाच गुण येतो. म्हणजे श्रेय दुधाच्या विशिष्ट प्रथिनापेक्षा नेहमीचे अन्न थांबवण्याला अधिक असावे. आतड्याला मिळालेली विश्रांती हे कल्पाचे मर्म असेल, तर घरोघरच्या उकळलेल्या दुधाने तो का साधत असे, तेही समजते. मात्र घरचे दूध हा त्या सूत्रांसारखा परिपूर्ण आहार नाही. लोह व जीवनसत्त्व क यांची उणीव राहते. पर्पटीतील पारदाचा विचार वेगळा करावा लागतो. रुग्णालयीन देखरेखीशिवाय दीर्घ कल्प आज करू नये.

तक्राविषयी जाता जाता : ग्रंथांनी उष्णकाळात, दुर्बलाला व दाह, भ्रम, रक्तपित्त असता तक्र देऊ नये, असे सांगितले आहे. आपल्याकडे वैशाखात, पारा पंचेचाळीस अंशांवर असताना गावोगाव ताकाचे हंडे रिते होतात. हे ताक पातळ, जिरे-सैंधवयुक्त, गोडसर आणि ताजे असते. ग्रंथातील निषेध आंबट, दाट तक्राला अधिक लागू पडतो, अशी प्रस्तुत लेखकाची समजूत आहे. मतभेद असल्यास सभासदांनी अवश्य लिहावे.

धारोष्ण दूध, खरवस आणि ब्रुसेल्ला

उकळल्याने लॅक्टोफेरिन नष्ट होते, हे वाचून एखादा उत्साही चिकित्सक धारोष्ण दुधाची शिफारस करील. ग्रंथांत धारोष्णाची प्रशंसा आहेच. परंतु गाई-म्हशींतील ब्रुसेल्ला व क्षय यांचे जंतू कच्च्या दुधातून मनुष्यात येतात. ब्रुसेल्लोसिसमध्ये चढउतार होणारा ज्वर, रात्री घाम, कंबर व मोठे सांधे दुखणे ही लक्षणे असतात. म्हणजे शोथ शमवण्यासाठी दिलेले कच्चे दूध रुग्णाला नवा संधिशोथ देऊ शकते. गुरे पाळणाऱ्या, व्याणाऱ्या गाईला हात लावणाऱ्या रुग्णात ज्वरासह सांधेदुखी दिसली, तर ‘साम ज्वर’ म्हणून थांबण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. काठेवाडी पशुपालकांच्या गीर गाईंचे असो वा घरच्या म्हशीचे, दूध उकळूनच प्यावे. धारोष्णाची प्रशंसा करणाऱ्यांसमोर त्यांच्या अंगणातील निरोगी गाय होती. आपल्यासमोर अनेक गोठ्यांचे एकत्र झालेले दूध असते.

चिकाविषयी एक लहान प्रयोग लक्षवेधी आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगात सात निरोगी पुरुषांना इंडोमेथासिन ही वेदनाशामक गोळी पाच दिवस दिली असता आतड्याची पारगम्यता सुमारे तिप्पट झाली. सोबत गाईचा चीक दिल्यावर ती वाढली नाही. परंतु जे रुग्ण अशा गोळ्या दीर्घकाळ घेत होते, त्यांच्यात चिकाने फरक पडला नाही. आपला खरवस तर वाफवलेला असतो. तो रुचकर व बृंहण आहे. वेदनाशामकांनी पोखरलेल्या जठराचे औषध म्हणून मात्र तो सांगू नये.

दुकानदार बंधूंसाठी

व्हे प्रोटीन हे कायद्याने अन्न आहे. आरोग्यपूरक व न्यूट्रास्युटिकल पदार्थांच्या नियमांनुसार त्यावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. त्याखेरीज १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या अनुसूचीत ‘ऱ्हूमॅटिझम’ हा विकार समाविष्ट आहे. म्हणून दुकानाच्या फलकावर ‘संधिवातावर हमखास’ असे लिहिणे, मग ते डब्यासाठी असो वा काढ्यासाठी, अडचणीत आणणारे आहे.

‘ए-२ दूध शोथ करत नाही’ हा दावाही वारंवार कानी येतो. ए-१ व ए-२ हा बीटा-केसीनमधील एका अमिनो आम्लाचा भेद आहे, ६७ व्या स्थानी हिस्टिडीन की प्रोलीन, इतकाच. ए-१ मधून बीटा-कॅसोमॉर्फिन-७ हा खंड सुटतो. त्याचा रोगांशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये म्हटले. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे काढून टाकण्याची सूचना दिली आणि पाचच दिवसांत ती मागे घेतली. प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही. आपल्याकडील देशी गाई व म्हशी बहुतांशी ए-२ गटातच मोडतात. तेव्हा निमाडी किंवा गीर गाईच्या, अगदी म्हशीच्याही दुधासाठी या शिक्क्यापोटी वेगळी किंमत मोजण्याचे कारण रुग्णाला नाही.

डबा विकण्यापूर्वी ग्राहकास चार प्रश्न विचारावेत : वृक्कविकार किंवा वाढलेले क्रिएटिनिन आहे का, दुधाने अंगावर पित्त उठते का, मधुमेहाची औषधे चालू आहेत का, आणि सांध्यांचे निदान कोणी केले आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर आधी तपासणी. दीर्घकाळच्या वातरक्तात वृक्क दुबळे झालेले असतात आणि अशा रुग्णाला प्रथिनांचा वाढीव भार सोसत नाही. लेबलावर साखर किंवा फ्रुक्टोज किती, हेही पाहावे, कारण फ्रुक्टोज यूरिक ॲसिड वाढवते आणि दुग्धप्रथिनाने जे थोडे साधले ते वाया जाते. तरुण मंडळी ही पूड केळ्यासह दुधात घुसळून पितात. केळीच्या या तालुक्यात शिकरणाला विरुद्धाहार म्हणणे धाडसाचे आहे, पण दूध व कदलीफळाचा संयोग संहितांनी विरुद्धच मानला आहे. निदान ज्याचे सांधे सुजले आहेत, त्याने ती पूड पाण्यात घ्यावी आणि केळे वेगळ्या वेळी खावे, एवढे तरी दुकानदाराने त्याला सांगावे.